डीएसएल जोडणीवर घरचा वायफाय राउटर बसवताना

घरी डीएसएलवर वायफाय सुरू करणे हे बोलताना एक काम वाटते, पण प्रत्यक्षात ती दोन कामे आहेत. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे इंटरनेट उपकरणापर्यंत नीट पोहोचवणे हे पहिले, आणि तिथून ते घरभर बिनतारी पसरवणे हे दुसरे. बहुतेक घरांत ही दोन्ही कामे एकाच डब्यात होत असल्यामुळे त्यांची गल्लत होते. लाइनमध्ये दोष असताना लोक वायफायचा पासवर्ड बदलत बसतात आणि वायफाय दुबळे असताना कंपनीकडे लाइनची तक्रार करतात. म्हणून पुढे दिलेला क्रम शक्यतो मोडू नये: आधी लाइन, मग केबलने जोडलेल्या एका संगणकावर इंटरनेट, आणि ते चालल्यावरच वायफाय. एका टप्प्याची खात्री पटल्याशिवाय पुढच्याला हात लावला नाही, तर अडचण आली तरी ती शोधत फिरावे लागत नाही. ती नुकत्याच केलेल्या बदलातच सापडते.

लाइनचे काम समजून घेतले तर पुढच्या अनेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. टेलिफोनवरचे बोलणे सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात मावते. त्याच तारेत त्याहून वरचा पट्टा रिकामा असतो आणि डीएसएल तो वापरते: तिच्या प्रकारांपैकी एडीएसएल सुमारे २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल२+ ही २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि व्हीडीएसएल२ त्याहून बरीच वर, १७ किंवा ३० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. म्हणूनच एकाच तारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते. मात्र तांब्याच्या तारेत वरच्या कंप्रता लवकर क्षीण होतात. एक्स्चेंज किंवा रस्त्यावरची पेटी घरापासून जितकी दूर, तितका वेग कमी. हा तोटा कोणताही महागडा राउटर भरून काढू शकत नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी. एडीएसएल२+ चा कमाल वेग २४ एमबीपीएस आहे आणि तोही जवळच्या, स्वच्छ लाइनवर. त्यापेक्षा कितीतरी अधिक वेग साधा वायफाय राउटर सहज पेलतो, तेव्हा केवळ इंटरनेटच्या वेगासाठी सर्वांत वरच्या श्रेणीचा राउटर घेण्याचे कारण नाही.

उपकरण ओळखणे

राउटर विकत घेताना मागची बाजू पाहावी. डीएसएलचे पोर्ट टेलिफोनच्या पिनेएवढे अरुंद, म्हणजे आरजे-११ प्रकारचे असते. लॅन (घरातल्या उपकरणांसाठीचे) आणि वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीचे) ही पोर्ट त्याहून रुंद, आठ संपर्कांची, आरजे-४५ प्रकारची असतात. ज्या राउटरवर अरुंद पोर्ट नाही आणि फक्त वॅन असे लिहिलेले रुंद पोर्ट आहे, तो टेलिफोनची लाइन थेट घेऊ शकत नाही. त्याच्यापुढे वेगळा डीएसएल मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरचा सिग्नल राउटरला कळेल असा करून देणारे उपकरण, लागतोच. टेलिफोनची अरुंद पिन रुंद पोर्टात शिरते, त्यामुळे जोडणी झाल्याचा भास होतो, पण त्यातून काही साध्य होत नाही आणि पोर्टाचे बाहेरचे संपर्क वाकण्याची भीती असते. जुने उपकरण मिळाले असेल तर त्यावर ‘ॲनेक्स ए’ आहे की ‘ॲनेक्स बी’ हेही पाहावे. पहिले साध्या टेलिफोन लाइनसाठी आणि दुसरे आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनसाठी असते, आणि चुकीच्या प्रकारचा मोडेम लाइनशी जुळतच नाही. त्याचप्रमाणे जोडणी व्हीडीएसएलची असेल तर केवळ एडीएसएल जाणणारा मोडेम तिथे त्या जोडणीचा वेग देऊ शकणार नाही.

काम सुरू करण्यापूर्वी सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळालेला कागद समोर ठेवावा. त्यातून हवे असते ते जोडणीचे यूझरनेम आणि पासवर्ड, जोडणीचा प्रकार (बहुतेक वेळा पीपीपीओई, म्हणजे यूझरनेम-पासवर्ड देऊन कंपनीकडे जोडणी मागण्याची पद्धत), एडीएसएल असल्यास व्हीपीआय व व्हीसीआय हे लाइनवरचा मार्ग ठरवणारे दोन आकडे आणि एन्कॅप्सुलेशन, म्हणजे माहिती बांधण्याची पद्धत, एलएलसी आहे की व्हीसी-मक्स ते, आणि व्हीडीएसएल असल्यास व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या स्वतंत्र मार्गिकेचा, क्रमांक लागतो का ते. हे आकडे कंपनीगणिक बदलतात. दुसऱ्या कोणाच्या घरचे आकडे अंदाजाने भरू नयेत. ते जुळण्याचा संभव कमी आणि त्यात जाणारा वेळ फार.

लाइन, फिल्टर आणि पहिला दिवा

घरात टेलिफोनही चालू असेल तर फिल्टर, म्हणजे फोन आणि इंटरनेटचा सिग्नल वेगळा ठेवणारी लहान डबी, हा ऐच्छिक भाग नाही. टेलिफोनचे यंत्र वरच्या पट्ट्यातला सिग्नल गिळते आणि स्वतःही त्यात खरखर सोडते, म्हणून त्या लाइनवरच्या प्रत्येक टेलिफोनपुढे, फॅक्सपुढे आणि फोन लाइनवर चालणाऱ्या चोरसूचक घंटेपुढे एकेक फिल्टर हवा. एक जरी राहून गेला तरी त्याचा त्रास सगळ्या जोडणीला होतो. फोनची घंटा वाजली किंवा रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटते, हे अशा राहून गेलेल्या फिल्टरचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे. फिल्टरवर दोन तोंडे असतील तर फोनसाठीच्या तोंडात फोन आणि डीएसएल किंवा मोडेम असे लिहिलेल्या तोंडात मोडेम जोडावा. ती अदलाबदल झाली तर फिल्टर मोडेमचाच सिग्नल अडवतो. त्याहून चांगली पद्धत अशी की लाइन घरात जिथे शिरते तिथेच एक स्प्लिटर, म्हणजे सगळ्या घरासाठीचा एकच फिल्टर, बसवून मोडेमसाठी वेगळी तार काढायची आणि उरलेले सगळे फोन स्प्लिटरच्या पलीकडे ठेवायचे. घरात तीन-चार फोन असतील तर मी हाच मार्ग सुचवेन, कारण मग प्रत्येक यंत्राचा फिल्टर सांभाळत बसावे लागत नाही.

मोडेमपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंतची तार शक्य तितकी आखूड आणि पिळाची असावी. सपाट, लांब एक्स्टेन्शन वायर टाकून मोडेम दुसऱ्या खोलीत नेण्याचा मोह टाळावा. ती तार ॲन्टेनासारखी वागते आणि आजूबाजूचा विद्युत गोंगाट आत ओढते. मोडेम हलवायचाच असेल तर टेलिफोनची तार लांबवू नये, मोडेमपुढची लॅन केबल लांबवावी, कारण ती १०० मीटरपर्यंत कोणत्याही तक्रारीशिवाय चालते.

आता वीजपुरवठा सुरू करून डीएसएल असे लिहिलेल्या दिव्याकडे पाहावे. तो आधी लुकलुकतो. त्या वेळी मोडेम आणि पलीकडचे यंत्र लाइनवरच्या कोणत्या कंप्रतेवर किती माहिती चालेल हे आपसात ठरवत असतात. साधारण एक-दोन मिनिटांत दिवा स्थिर झाला म्हणजे लाइन जुळली. या टप्प्याचा यूझरनेम, पासवर्ड किंवा वायफाय यांच्याशी काही संबंध नाही, ही गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते, कारण दिवा लुकलुकत असताना सेटिंग्जमध्ये शिरून पासवर्ड पुन्हापुन्हा भरण्यात अनेकांची संध्याकाळ वाया जाते. दिवा स्थिर होत नसेल तर सगळे फोन, फिल्टर आणि एक्स्टेन्शन काढून टाकून, लाइन घरात शिरते त्या पहिल्या सॉकेटात मोडेम एकटा जोडून पाहावा. तिथे जुळला तर दोष घरातल्या तारांत आहे, आणि उपकरणे एकेक करून परत जोडत गेल्यास तो सापडतो. तिथेही जुळला नाही तर त्याच सॉकेटात फोन लावून डायल टोन ऐकावा. टोनच नसेल किंवा त्यात करकर ऐकू येत असेल तर काम बाहेरच्या लाइनचे आहे.

केबलवर इंटरनेट

दिवा स्थिर झाल्यावर संगणक लॅन केबलने राउटरच्या एखाद्या लॅन पोर्टाला जोडावा आणि संगणकाचे वायफाय या कामापुरते बंद ठेवावे. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टी नसेल तर संगणकाच्या नेटवर्क माहितीत ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो तोच राउटरचा पत्ता.

इथे तीन वेगवेगळ्या पासवर्डांची ओळख करून घेणे आवश्यक आहे. एक राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याचा, दुसरा कंपनीकडे जोडणी मागण्याचा, आणि तिसरा वायफायचा. पहिला घरमालकाचा, दुसरा कंपनीने दिलेला आणि तिसरा घरातल्या व पाहुण्यांच्या हाती जाणारा. तिन्ही वेगवेगळे ठेवून, कशाचा कोणता हे स्पष्ट लिहून, एका कागदावर नोंदवावेत. आत शिरताच पहिला पासवर्ड बदलावा. कारखान्यातून आलेले पासवर्ड कित्येकदा एका मॉडेलच्या सगळ्या राउटरांना सारखेच असतात आणि ते सगळीकडे छापलेले आढळतात.

त्यानंतर वॅन किंवा इंटरनेट या पानावर जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडून कागदावरचे यूझरनेम आणि पासवर्ड जसेच्या तसे भरावेत. यूझरनेममध्ये पुष्कळदा ईमेलसारखे चिन्ह आणि त्यापुढे कंपनीचे नाव असते. तो भाग गाळला तर लॉगिन होत नाही. व्हीपीआय, व्हीसीआय किंवा व्हीलॅन याच पानावर भरायचे असतात. एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट जातील, असा एक रकाना दिसेल. त्यात १४९२ असावे, कारण इथरनेटच्या १५०० बाइटांपैकी ८ बाइट पीपीपीओईच्या मथळ्यात जातात. बहुतेक राउटर हा आकडा आपोआप धरतात, पण तो चुकीचा राहिला तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकून राहतात असा विचित्र अनुभव येतो, ज्याचे कारण सहजासहजी सुचत नाही. सगळे साठवल्यावर इंटरनेटचा दिवा लागावा आणि स्थितीच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता दिसावा. डीएसएलचा दिवा स्थिर आहे पण इंटरनेटचा लागत नाही, अशा वेळी मात्र दोष यूझरनेम, पासवर्ड किंवा या आकड्यांतच शोधावा.

मोडेम वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर

कंपनीने दिलेला मोडेम तसाच ठेवून त्याच्यापुढे स्वतःचा चांगला राउटर लावणारे पुष्कळ असतात, आणि अडचणीही इथेच जास्त येतात. कंपनीचा डबा स्वतःच राउटर असेल तर दोन राउटर एकामागे एक येतात आणि दोघेही पत्त्यांची उलथापालथ, म्हणजे एनएटी, करतात. साधे वाचन-पाहणे त्यात चालते, पण ऑनलाइन खेळ, घरातल्या कॅमेऱ्याशी बाहेरून संपर्क अशा गोष्टी अडखळतात. शिवाय दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच असेल तर काहीच चालत नाही, कारण राउटरला आत आणि बाहेर यांतला फरकच कळत नाही.

यावर दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीत टाकणे: मग मोडेम फक्त लाइनचा सिग्नल सांभाळतो, आणि पीपीपीओईचे यूझरनेम, पासवर्ड नव्या राउटरच्या वॅन पानावर भरले जातात. दोन्हीकडे ते एकाच वेळी भरलेले ठेवू नयेत. पुष्कळ कंपन्या एका यूझरनेमवर एकच जोडणी मान्य करतात. ब्रिज केल्यावर मोडेमचे स्वतःचे पान उघडणे अवघड होते, म्हणून लाइनचे आकडे आणि जुनी सेटिंग्ज आधीच उतरवून घ्यावीत. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीच्या डब्यालाच राउटरचे काम करू देऊन नव्या राउटरला केवळ वायफाय पसरवण्याचे काम देणे. त्यासाठी नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ यासारखा, कंपनीच्या डब्याकडून वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या बाहेरचा करावा, त्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे, आणि केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात जोडून वॅन पोर्ट रिकामे सोडावे. काही राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ असा तयार पर्याय असतो. तो निवडल्यास हे सगळे आपोआप होते, फक्त केबल कोणत्या पोर्टात लावायची ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. ज्याला नव्या राउटरच्या साऱ्या सोयी हव्यात त्याने ब्रिज करावे. ज्याला फक्त घरातल्या दूरच्या खोलीत सिग्नल हवा आहे त्याला दुसरा मार्ग अधिक सोपा आणि निर्धोक आहे.

या वेगळेपणाचा एक मोठा फायदाही आहे. टेलिफोनचा सॉकेट बहुधा दाराजवळ किंवा कोपऱ्यात असतो आणि वायफायला घराचा मध्य हवा असतो. मोडेम सॉकेटाशी ठेवून, मधे लॅन केबल टाकून राउटर घराच्या मध्यभागी नेला तर दोन्ही गरजा एकदम भागतात.

आता वायफाय

केबलवर इंटरनेट चालते आहे याची खात्री झाल्यावर वायफायच्या पानाकडे वळावे. नेटवर्कच्या नावात घराचा क्रमांक, आडनाव किंवा राउटरचे मॉडेल घालू नये. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ असेल तर ते, आणि जुनी उपकरणे त्याला जोडत नसतील तर डब्ल्यूपीए२ व एईएस (माहिती गुप्त करण्याची पद्धत) निवडावे. डब्ल्यूपीए२ हे २००४ पासून आणि डब्ल्यूपीए३ हे २०१८ पासून आहे. डब्ल्यूईपी हा पर्याय कुठे दिसला तरी वापरू नये. त्याची दुर्बलता २००१ मध्येच उघड झाली आहे. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. त्यात चिन्हांची गर्दी करण्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र लिहून तो लांब करावा. तोंडी सांगायला सोपा आणि तोडायला अवघड होतो.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न लिहिता उपकरण जोडण्याची सोय, हिची पिन पद्धत बंद करावी. ती पिन आठ अंकी असली तरी राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते. ही त्रुटी २०११ मध्ये जाहीर झाली. नेटवर्कचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचे ओळखक्रमांक) मान्य करणे यांना मी सुरक्षा मानत नाही. त्यांनी घरच्यांचीच अडचण वाढते, आणि ज्याला खरोखर आत शिरायचे आहे त्याला या दोन्ही गोष्टी हवेतूनच वाचता येतात. बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद आहे याची मात्र आवर्जून खात्री करावी आणि फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती असेल तर ती याच वेळी, केबलने जोडलेल्या संगणकावरून, वीज जाण्याची शक्यता नसताना टाकावी.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडून दूर जातो, पण त्यात शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची दाटी असते. त्यातली चॅनले ५-५ मेगाहर्ट्झवर असतात आणि सिग्नल मात्र २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, म्हणून १, ६ आणि ११ एवढीच चॅनले एकमेकांवर न चढता राहतात. मधले ३ किंवा ८ निवडले तर दोन्हीकडच्यांशी टक्कर होते. रुंदी इथे २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारा आहे. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून थोडा वर ठेवावा. लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड तो कधीही ठेवू नये.

वेग कमी वाटला तर

तपासणी आधी केबलवर करावी, मग वायफायवर. केबलवर वेग ठीक आणि वायफायवर कमी असेल तर जागा, पट्टा, चॅनल यांकडे पाहावे. केबलवरच कमी असेल तर राउटरच्या स्थितीच्या पानावर लाइन कोणत्या वेगाने जुळली आहे ते पाहावे. प्रत्यक्ष वेग त्यापेक्षा थोडा कमीच मिळतो आणि ती फसवणूक नाही: एडीएसएलमध्ये माहिती ५३ बाइटांच्या पाकिटांत जाते आणि त्यातली ४८ बाइटच माहितीसाठी असतात. त्याच पानावर नॉइज मार्जिन, म्हणजे लाइनवरच्या गोंगाटापेक्षा सिग्नलला किती जादा वाव आहे, हा आकडा डेसिबलमध्ये असतो. तो ६ च्या आसपास किंवा वर असेल तर लाइन सहसा टिकते. त्याहून बराच खाली घसरत असेल तर ती वारंवार तुटते. अशा वेळी राउटर सतत बंद-चालू करू नये. काही कंपन्यांची यंत्रणा प्रत्येक तुटण्याची नोंद ठेवते आणि लाइन अस्थिर समजून वेग आपणहून खाली आणते.

एडीएसएलवर वर चढवण्याचा वेग फार थोडा, पुष्कळदा १ एमबीपीएसच्या आसपास असतो. एखादा फोन आपले सगळे फोटो परस्पर क्लाउडवर चढवू लागला की घरातल्या सर्वांचे इंटरनेट गुदमरते, कारण उतरणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही त्याच अरुंद वाटेने वर जातात. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणत्या माहितीला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची सोय, असेल तर चढवण्याची मर्यादा मोजून आलेल्या वेगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवून पाहावी. माझ्या मते या एका बदलाने मिळणारा दिलासा नव्या राउटरापेक्षा मोठा असतो.

मागचे लहान छिद्रातले रीसेट बटण दाबण्याआधी थांबावे. वीज बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे आणि रीसेट वेगळे: ते बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले की पीपीपीओईच्या यूझरनेमसह सगळी सेटिंग्ज पुसली जातात. म्हणून सगळे नीट चालू असतानाच सेटिंग्जची फाइल संगणकावर उतरवून ठेवावी आणि त्यासोबत स्थितीच्या पानावरचे जुळणीचा वेग, ॲटेन्यूएशन (लाइनवर सिग्नल किती क्षीण झाला ते) व नॉइज मार्जिन हे तीन आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. पुढे कधी लाइन बिघडली आणि कंपनीला कळवायची वेळ आली, तर आधीचे आणि आत्ताचे आकडे शेजारी ठेवून सांगता येतात.